घाटाच्या पायथ्याशी टायरची हवा
खालापूरच्या टोलनाक्यावरून बोरघाटाकडे निघालेल्या मोटारहोमचे, म्हणजे स्वयंपाकघर व बिछान्यांसह चालणाऱ्या घराचे, वजन टायरमधील हवाच पेलत असते. ती कमी असली की टायरच्या बाजू वारंवार वाकून आतून तापतात आणि द्रुतगती मार्गाच्या सलग वेगात टायर फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून दाब टायर थंड असतानाच मोजावा व प्रत्येक अ‍ॅक्सलवरील भार पाहून उत्पादकाच्या तक्त्यानुसार ठेवावा. घाटात तापलेल्या टायरची हवा उतरवणे ही उफराटी काळजी होय. चाकांची अदलाबदल, म्हणजे रोटेशन, झीज सारखी राखते खरी, पण कर्जतच्या फार्महाउसवर पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीचे टायर बहुधा झिजण्याआधी वयानेच तडकतात, आणि ते वय बाजूवरील चार अंकांत वाचता येते : '२३२१' म्हणजे २०२१ मधील तेविसावा आठवडा.