मुलांना खेळाला घालताना: एकट्याचा, जोडीचा की चमूचा?

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की वह्यांना कव्हरे घालून होतात, गेल्या वर्षीचा रेनकोट आखूड झाल्याचे लक्षात येते, शिकवणीची वेळ ठरते. आणि एक दिवस दप्तर टाकता टाकता मुलगी विचारते, "आई, सरांनी विचारलंय, कुठल्या खेळात नाव देऊ?" आपले उत्तर बहुतेक ठरलेले, "बाबांना विचार." बाबा म्हणतात, "अभ्यास सांभाळून काय ते कर." झालं! नाव द्यायची तारीख निघून जाते आणि मुलगी पुन्हा खिडकीत.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपण बहुतेकजणी दोन-तीन खोल्यांच्या संसारात राहतो. अंगण नाही, परसू नाही. इमारतीखालची जागा गाड्यांनी भरलेली. पोरांनी खेळायचे कुठे, हा प्रश्न मोठाच आहे. पण त्याच्या आधी, काय खेळायचे, याचाही विचार आपण करत नाही. शेजारचा बंटी क्रिकेटला जातो म्हणून आपलाही जातो. वास्तविक भाजी घेताना आपण चार पाट्या बघतो, मग इथे का नाही?

शाळेतले व्यायामाचे शिक्षक खेळांचे तीन भाग करतात. पहिला वैयक्तिक खेळांचा: पोहणे, धावणे, जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब. इथे आपण आणि आपले अंग, बस्स. दुसरा जोडीचा, म्हणजे समोर एक प्रतिस्पर्धी किंवा सोबत एक जोडीदार: बॅडमिंटन, टेबल टेनिस, कॅरम, बुद्धिबळ, कुस्ती. तिसरा सांघिक: खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट. विभागणी सोपी दिसते, पण या तिन्हींत मुलाच्या मनावर पडणारा भार अगदी वेगळा असतो.

तो कसा, हे ठाण्याच्याच एका मुलीच्या एका दिवसावरून कळते. मधुरिका पाटकर, माहेरची तांडुळजे. ठाण्यात टेबल टेनिस शिकून मोठी झाली. ८ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेची महिला सांघिक अंतिम लढत होती, समोर सिंगापूर. पहिला सामना मनिका बात्राने जिंकला. दुसरा एकेरीचा मधुरिकाचा. तो ती हरली. बरोबरी झाली. आता हरलेल्या मुलीने काय करावे? रडायला वेळच नव्हता, कारण तिसरा सामना दुहेरीचा होता आणि त्यात मौमा दासबरोबर पुन्हा मधुरिकाच उतरायची होती. दोघींनी तो जिंकला, पुढचा मनिकाने जिंकला, आणि राष्ट्रकुल स्पर्धेतले महिला सांघिक सुवर्ण पहिल्यांदा भारताला मिळाले. एकटीने हरणे, जोडीने जिंकणे, संघाने पदक घेणे, सगळे एकाच दिवशी!

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. मधुरिकाने महिला एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद २०१७ साली मिळवले ते लग्नानंतर, पाटकर या नावाने. २०२० चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. "लग्न झालं की खेळ संपला" असे म्हणणाऱ्या आजेसासूबाईंना सांगायला हे बरे आहे.

टेबल टेनिसच्या दुहेरीत एक गंमतीचा नियम असतो. जोडीतल्या दोघींनी आळीपाळीनेच चेंडू मारायचा. आपल्यासमोर कितीही सोपा आला तरी पाळी तिची असेल तर आपण बाजूला व्हायचे. घरात एकुलत्या एक वाढणाऱ्या मुलाला हे शिकवायला आपल्याला किती तोंडाची वाफ दवडावी लागते! बॅडमिंटनच्या दुहेरीत अशी पाळी नसते, तिथे मधल्या शटलसाठी दोघांनी ओरडून सांगावे लागते, "माझं!" नाहीतर दोघेही बघत राहतात आणि शटल खाली. ठाण्यात महापालिकेच्या सय्यद मोदी प्रशिक्षण योजनेमुळे बॅडमिंटनचे वेड चांगलेच रुजले. मात्र हा खेळ खिशाला जड. पिसांचे शटल फार टिकत नाही, रॅकेटच्या तारा तुटतात. सुरुवातीला नायलॉनचे शटल आणि साधी रॅकेट पुरते. दुकानदार म्हणेल ती महाग रॅकेट पहिल्याच महिन्यात घेऊ नये.

कॅरमला आपण खेळ मानतच नाही, दिवाळीच्या सुट्टीतला विरंगुळा मानतो. पण शाळांच्या स्पर्धांतही कॅरम असतो. पावसाळ्यात घरातल्या घरात, बोरिक पावडर आणि एक बोर्ड एवढ्यावर चौघे खेळतात. अबोल मुलांना मैदानावर ढकलण्याआधी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

वैयक्तिक खेळांबद्दल बोलायचे तर पोहणे आधी. ही केवळ हौस नव्हे. आपल्याकडे खाडी आहे, उल्हास नदी आहे, पावसात भरणारे नाले आहेत. पोहता येणे हे मला तरी सायकल येण्यापेक्षा गरजेचे वाटते. ठाण्यात मारोतराव शिंदे तरणतलाव आहे, डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुल आहे. कुठल्याही तलावावर पैसे भरण्याआधी एकदा जाऊन बघा: जीवरक्षक काठावर उभा आहे की खुर्चीत पेंगतो आहे, खोलीचे आकडे नीट दिसतात का, मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीला कडी लागते का. संकोच करू नका, विचारा.

जिम्नॅस्टिक्समध्येही ठाण्याच्या मुलींनी नाव काढले आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये खेळलेली पूजा सुर्वे ठाण्याची. मल्लखांब तर आपलाच, पेशवाईत बाळंभट देवधरांनी नावारूपाला आणलेला. मुली दोरीवरचा करतात. या खेळांत हार कुणावर ढकलता येत नाही. सगळे आपल्याच माथी. त्यामुळे जी मुले आधीच स्वतःला लावून घेतात, एक गणित चुकले तर जेवत नाहीत, त्यांना फक्त वैयक्तिक खेळात घातले तर आणखी कुढतात, असे माझे मत आहे. त्यांना सोबत एखादा सांघिक खेळ हवाच.

आणि सांघिक म्हटले की खो-खोसारखा खेळ नाही. खर्च जवळजवळ शून्य. दोन खांब आणि आखलेली जमीन. आठजणी बसतात, नववी पाठलाग करते. धावणारीला वाटेल तशी दिशा बदलता येत नाही, मागे वळता येत नाही. मागे वळायचे तर खो देऊन बसायचे आणि दुसरीला उठवायचे. म्हणजे वेळेवर थांबणे हाच यातला डाव. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. कबड्डीलाही पैसे लागत नाहीत, गुडघ्यांची मात्र तयारी लागते. संघात सातजणी, आणि एक जरी घाबरून हात सोडून बसली तरी साखळी तुटते.

क्रिकेटबद्दल वेगळे सांगायला नकोच, पण दोन गोष्टी सांगते. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. तो लहान असताना सुजाताबाई, म्हणजे त्याची आई, एका हातावर धाकट्या मुलाला घेऊन, दुसऱ्या हातात त्याची किट बॅग धरून कित्येक किलोमीटर चालत त्याला सरावाला नेत, कारण रिक्षाचे पैसे परवडत नसत. हे त्यानेच मुलाखतींत सांगितले आहे. पुढे तो लोकलने एकटा जाऊ लागला तेव्हा, जमते की नाही हे बघायला, वडील त्याला न कळवता मागच्या डब्यात बसून गेले होते. याच मुलाने २०१४ साली लॉर्ड्सवर शतक काढले आणि २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून दिली. आणि बरं का, लहानपणी तो कराटेही शिकला, ब्लॅक बेल्टपर्यंत गेला. एक खेळ धरला म्हणजे दुसरा सोडलाच पाहिजे असे नाही.

दुसरी गोष्ट कल्याणच्या तुषार देशपांडेची. शिवाजी पार्कला निवडीसाठी गेला तो फलंदाज म्हणून. फलंदाजांची रांग लांबलचक होती, गोलंदाजांची आखूड. घरी परतायची गाडी गाठायची, म्हणून हा आखूड रांगेत उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये तो भारताकडून खेळला, गोलंदाज म्हणूनच. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत रणजी सामन्यात बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने १२३ धावा काढल्या, तनुष कोटियनबरोबर शेवटच्या जोडीने २३२! म्हणून सातवीतल्या मुलावर "हा गोलंदाज", "हिला चेंडू झेपत नाही" असा शिक्का मारायची घाई करू नये. दहा-अकरा वर्षांपर्यंत तिन्ही प्रकारचे खेळ थोडे थोडे खेळू द्यावेत.

आता मुलींचे. सातवी-आठवीत मैदानावरच्या मुली एकाएकी कमी होतात. शिक्षकांना विचारा, सगळे हेच सांगतील. पाळी सुरू होते, गणवेशाची लाज वाटू लागते, "एवढी मोठी झाली, संध्याकाळी सातला बाहेर कशाला" असे घरचेच म्हणतात. खरे सांगायचे तर मुलीचा खेळ शेजारपाजारचे बंद करत नाहीत, आपण करतो. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या मैदानावर, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण घराघरांत टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आपल्या मुलीला मैदानावर पाठवले का?

पाळीत बरे वाटत असेल तर खेळायला काहीच हरकत नसते. फार दुखत असेल किंवा रक्तस्राव खूप असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे, नुसते "होतंच असं" म्हणून सोडू नये. गडद रंगाची, जरा सैल ट्रॅकपँट शिवून घ्यावी, बॅगेत एक जादा जोडी ठेवावी. खेळणारी मुलगी लवकर दमत असेल, फिकट दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. नाचणी, अळीव, पालेभाज्या, चवळी द्या, वर लिंबू पिळा. लिंबाने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो उलटा अडवतो. मैदानावर जायच्या आधी दीड-दोन तास हलके खाणे, आल्यावर केळे, दूध, शेंगदाण्याची चिक्की. बाटलीतले महाग रंगीत पाणी लागत नाही, चिमूटभर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी पुरते.

शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. जन्मदाखल्याची प्रत हाताशी ठेवा, ऐनवेळी तीच सापडत नाही. ठरावीक स्तरापर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. "अभ्यास सांभाळून" म्हणणाऱ्या बाबांपुढे ही माहिती ठेवायला हरकत नाही. पण खरे कारण ते नसावे. सगळीच मुले पदक आणत नाहीत, आणायला हवीतच असेही नाही.

प्रशिक्षकाकडे वर्षाची फी एकदम भरू नका. आठवडाभर मैदानाच्या कडेला उभे राहा. तो हरलेल्या मुलाशी कसा बोलतो, कच्च्या मुलांना दिवसभर चेंडू आणायलाच ठेवतो का, मुलींना नाव घेऊन हाक मारतो का, हे बघा. एकीने न्यायचे, दुसरीने आणायचे अशी इमारतीतल्या तिघीचौघींनी पाळी लावली तर कुणाच्याच स्वयंपाकाचा खोळंबा होत नाही. आणि हो, पावसात भिजलेले बूट गॅसपाशी वाळवू नका, तळ सुटतो. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, कागद दोनदा बदला. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.