दोष मऊ शिशाचा नाही

निगडीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी पॉइंट टू-टू पिस्तुलाचा सराव करते. नळी साफ करताना ब्रशला करडे, चकचकीत पापुद्रे लागतात. प्रशिक्षक म्हणाले, ‘शिसं आहे, काळजी नको.’ वडील कारखान्यात क्वालिटीत असल्याने त्यांना काळजी वाटलीच. ‘इतका मऊ धातू नळीला चिकटतो हे माहीत असताना कडक धातूची गोळी का वापरत नाहीत?’

निम्मं उत्तर नियमात आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत पॉइंट टू-टूच्या प्रकारांसाठी ५.६ मिलिमीटरचं रिमफायर काडतूस लागतं आणि गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूचीच चालते. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते अशाच उघड्या शिशाच्या गोळ्यांवर. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं तेही तसंच. वाकडहून मुळा ओलांडली की बालेवाडीची रेंज लागते, तिथेही हाच मऊ धातू रोज नळ्यांमधून जातो. म्हणजे दोष निव्वळ मऊपणाचा असता, तर या खेळात एकाही नळीची धडगत नव्हती.

नळीत नेमकं काय घडतं ते पाहू. गोळीचं वजन साधारण २.६ ग्रॅम. स्पर्धेच्या पिस्तुलाची नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात आणि त्यांचा एक पूर्ण वेढा सहसा सुमारे ४० सेंटिमीटरला पडतो. म्हणजे एवढ्या आखूड नळीत गोळी अर्धा फेरासुद्धा मारत नाही. तरीही सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेगाने ती बाहेर पडते तेव्हा स्वतःभोवती मिनिटाला चाळीस हजारांहून जास्त फेऱ्यांच्या गतीने फिरत असते. हा सगळा कारभार सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात उरकतो.

शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून घर्षणाने गोळी वितळते आणि नळीला लागते, असं बहुतेकांना वाटतं. घर्षणाचा वाटा आहे, पण खरा गुन्हेगार गोळीच्या मागे असतो. जळालेल्या दारूचा वायू दोन हजार अंशांच्या वर तापलेला असतो. गोळीच्या बुडाला तो सपाट टेकला तर इतक्या थोड्या वेळात फार काही बिघडत नाही. तोच वायू गोळीच्या कडेने, केसाहून बारीक फटीतून निसटला, की मात्र झोताने शिसं कापत जातो आणि ते पुढच्या थंड नळीवर नेऊन थापतो.

आपल्या पट्ट्यात हे समजवायला इंजिनाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पिस्टनची रिंग झिजली की जळलेला वायू सिलिंडरच्या भिंतीलगत खाली उतरतो. ब्लो-बाय म्हणजे काय ते आकुर्डीपासून चाकणपर्यंत कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. तेलाचं झाकण उघडलं की धूर येतो, भिंतीवरचा तेलाचा पातळ थर करपतो आणि मग धातूला धातू घासायला लागतो. पिस्टनचं साहित्य मऊ म्हणून हे झालं, असं कुठलाही मेस्त्री म्हणणार नाही. तो रिंग बदलेल. बंदुकीच्या गोळीला वेगळी रिंग नसते. पिस्टनही तीच आणि रिंगही तीच. मागून दाब आला की मऊ शिशाचं बूड किंचित फुगतं, खाचांमध्ये घट्ट बसतं आणि फट बंद होते. इथे मऊपणाच उपयोगी पडतो. वंगणाचं कामही तसंच आहे. वाचकांच्या मुलीने काडतूस हाताळल्यावर बोटांना जो मेणचट थर लागतो, तो गोळी आणि पोलाद यांच्यामध्ये राहण्यासाठीच असतो. वायू निसटला की सगळ्यात आधी तो थर उडतो.

म्हणून पापुद्रे कुठे सापडतात यावरून निदान करता येतं. चेंबरला लागून सापडले तर फट, म्हणजे गोळी नळीच्या मानाने बारीक. नळीच्या तोंडाकडे सापडले तर वंगण वाटेतच संपलं. पिळाच्या कडांना चिकटलेले दिसले तर गोळी पीळ न पकडता सरळ खरवडत गेली. नळी आतून खडबडीत असेल तर सगळीकडेच. क्वालिटीवाल्या वडिलांना हे बोअर गेजच्या भाषेत लगेच पटेल.

अमेरिकेत घरी शिसं ओतून गोळ्या करण्याचा मोठा छंद आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस किंवा दारूगोळा बनवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा हे फक्त समजून घेण्यापुरतं.) त्या मंडळींचा पाया पक्का आहे. खाचांच्या तळापासून तळापर्यंत जो व्यास भरतो, त्याहून गोळी एक थाऊ, म्हणजे पंचवीस मायक्रॉन, जाड हवी. पण विक्रेत्यांनी त्यांच्या माथी आणखी एक गोष्ट मारली: गोळी जितकी कडक तितकी नळी स्वच्छ.

शिसं कडक करायची युक्ती मराठी छापखान्यांना चांगली ठाऊक होती. अँटिमनी आणि कथील मिसळायचं. निर्णयसागरसारख्या छापखान्यांचे खिळे याच जातीच्या मिश्रधातूचे. (योगायोग असा की जावजी दादाजींचा निर्णयसागर आणि खडकीचा दारूगोळा कारखाना, दोन्ही १८६९चे. शिशाची दोन टोकं एकाच साली सुरू झाली.) शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा ५ च्या आसपास असतो, लायनोटाइपच्या धातूचा २२ च्या. आता हिशेब करा. ब्रिनेलच्या आकड्याला साधारण १० ने गुणलं की किती मेगापास्कल दाबाला तो धातू दबायला लागेल याचा ठोकताळा मिळतो. २२ ला सव्वादोनशेच्या जवळपास. पॉइंट थर्टी-एट स्पेशलसारख्या सौम्य काडतुसात दाब १२० मेगापास्कलच्याही वर जात नाही. म्हणजे ही कडक गोळी फुगणारच नाही. ती काटेकोर मापाची असेल तर ठीक, पण जरा बारीक निघाली तर वायूला रस्ता मोकळा. महागडी कडक गोळी घेऊन नळी जास्त घाण झाल्याच्या तक्रारी येतात त्या यामुळे.

मागून फुगून फट बुजवणारी गोळी म्हटलं की फ्रेंच कॅप्टन मिनिएचं नाव पुढे येतं. १८४९च्या त्याच्या पोकळ बुडाच्या गोळीसाठी ब्रिटिश सरकारने त्याला वीस हजार पौंड दिले. पण त्याच्या दीड दशक तरी आधी ब्रिटिश फौजेतल्या ३४व्या रेजिमेंटच्या कॅप्टन जॉन नॉर्टनने पोकळ बुडाची लांबट गोळी करून दाखवली होती. शस्त्रास्त्रांच्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत तिची जन्मकथा अशी सांगतात: नॉर्टन दक्षिण भारतात असताना त्याने स्थानिकांचे फुंकनळीतून मारायचे बाण निरखले. बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठातला लवचीक गर बसवलेला असे. फुंकर मारली की तो गर पसरून नळीला चहूबाजूंनी टेकायचा आणि हवा वाया जायची नाही. नॉर्टनने तोच विचार शिशात उतरवला. वरिष्ठांनी तो नाकारला, गोळी गोलच असली पाहिजे म्हणून! पुढे विल्यम ग्रीनर या बंदूककाराने १८३०च्या दशकात फुगणारी गोळी पुन्हा मांडली. त्यालाही वाटेला लावलं, आणि मिनिएचा गाजावाजा झाल्यावर १८५७ साली हातावर हजार पौंड ठेवले. फुंकनळीवाल्यांचं तर नावही कुणी टिपून ठेवलं नाही. कथेत तिखटमीठ किती आणि खरं किती हा वाद घालता येईल, पण त्या बाणामागचं तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. पाठ्यपुस्तकात मिनिएशेजारी कमळाच्या देठाचं चित्र छापायला माझी काहीच हरकत नाही.

त्याच १८५७ साली दुसरा अर्धा भाग, म्हणजे वंगण, इतिहासात शिरला. एनफिल्ड रायफलच्या कागदी काडतुसाला चरबी लावलेली होती हे शाळेत सगळे शिकतात. का लावली होती हे क्वचितच सांगितलं जातं. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घन राख होऊन उरतो. ती राख नळीत थापली गेली की पुढची गोळी तोंडाकडून आत ढकलताच येत नाही. स्निग्ध थर त्या राखेला मऊ ठेवतो आणि शिशाला नळीपासून अलग ठेवतो. शिपायांचा संशय लक्षात आल्यावर जानेवारी १८५७च्या अखेरीस सरकारने काडतुसं कोरडी देऊन हवं ते वंगण स्वतः लावायची मुभा दिली. तोवर उशीर झाला होता. गंमत म्हणजे पुढे ब्रिटिशांनी आपणहून चरबी हटवत मधमाशीच्या मेणाची कास धरली, आणि त्यामागे धर्माचा काही संबंध नव्हता. चरबी उन्हाळ्यात वितळून कागदात मुरते आणि जुनी झाली की त्यातली आम्लं शिशाला खातात. मेण दोन्हींत तग धरतं. गोळीही किंचित बारीक केली गेली, कारण राखेने भरलेल्या नळीत ती अडकत होती. वंगण, माप आणि दाब यांची ही ओढाताण तेव्हाही होती.

पुढे वेग वाढला आणि उघडं शिसं पिळावर टिकेना. १८८२ साली स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिनने गोळीवर तांब्याचं कवच चढवलं आणि लष्करापुरता प्रश्न मिटला.

सध्या अमेरिकन छंदिष्टांमध्ये नवं वेड आहे पावडर कोटिंगचं. भोसरीत आणि चाकणमध्ये पॅनेलपासून ब्रॅकेटपर्यंत सगळ्याला जी रंगीत पावडर मारून भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजतात, तीच गोळ्यांना! शिशावर प्लॅस्टिकचं पातळ कवच बसतं, धूर कमी होतो, हातही कमी काळे होतात. युक्ती खरोखर चांगली आहे. पण ‘मापाची कटकटच संपली’ हा तिचा प्रचार खोटा. थर जितका जाड तितकी गोळी जाड, इतकंच. बारीक गोळीला रंग दिला म्हणून फट आपोआप बुजत नाही.

आता निगडीच्या पापुद्र्यांकडे. टू-टूच्या नळीत थोडं शिसं आणि मेण साचणं हा रोग नव्हे. नळी लख्ख साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या वेगळीकडे लागतात आणि मेणाचा थर पुन्हा बसला की नेम जागेवर येतो, हे नेमबाजांना माहीत असतं. म्हणून अनेक जण नळी रोज घासत नाहीत. चेंबरपाशी कडा जाणवण्याइतका थर साचला किंवा गोळ्या विखरायला लागल्या, की मऊ ब्राँझचा ब्रश आणि नळीचं सॉल्व्हेंट पुरेसं आहे. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाचा जो घरगुती उपाय सांगतात, तो अजिबात करू नका. शिसं त्यात विरघळतं हे खरं, पण त्यातून लेड अॅसिटेट तयार होतं. ते पाण्यात सहज विरघळतं, चवीला गोड आहे आणि विषारी आहे. पारा घालून शिसं काढायचा जुना उपाय तर त्याहून वाईट.

आणि नळीला चिकटलेल्या शिशापेक्षा हवेत उडणाऱ्या शिशाची चिंता जास्त करावी. त्यातलं बरंचसं गोळीतून येतच नाही. काडतुसाच्या कडेत जो स्फोटक मसाला असतो, त्यात सहसा लेड स्टिफनेट असतं आणि दर बारला त्याची बारीक धूळ उडते. बंदिस्त रेंजवर हवा नेमबाजाकडून लक्ष्याकडे वाहायला हवी, हे प्रशिक्षकांना विचारून घ्या. मुलीने सरावानंतर डबा उघडण्याआधी साबणाने हात आणि तोंड धुवावं आणि सरावाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.