गरम गरम, आणि सगळ्यांबरोबर!

घरातल्या बाईनं तव्यावरची गरम पोळी ताटात घेऊन खाल्लीये, असं किती घरांत दिसतं हो? मुलं, नवरा, सासू-सासरे, आलं-गेलं सगळं झालं की आपण बसायचं. तोवर आमटी गार आणि भाजी तळाला. याची इतकी सवय होते की त्यात काही वावगं आहे असंही वाटेनासं होतं. म्हणूनच इंडोनेशियात जेवलेल्या एका जेवणाबद्दल आज लिहितेय.

बोरोबुदुरचा स्तूप आणि प्रंबाननची देवळं पाहायला आम्ही सहा मैत्रिणी जावा बेटावर गेलो होतो. मुक्काम योग्यकर्ता शहरात. तिथली माणसं त्याला लाडानं ‘जोगजा’ म्हणतात. तिथे गेल्यावर ‘साते’ खाल्ल्याशिवाय परतायचं नसतं. साते म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले मटणाचे किंवा चिकनचे तुकडे. चिकनच्या सातेवर शेंगदाण्याचा दाट रस्सा घालतात. त्यात मिरची, लसूण आणि ‘केचाप मानिस’ हा काकवीसारखा गोड सोया सॉस. आपल्या दाण्याच्या चटणीची ही लांबची बहीणच!

पण आम्ही खास गेलो ते शहराच्या दक्षिणेला, ‘साते क्लाताक’च्या हॉटेलात. इथे बांबूच्या काडीऐवजी चक्क सायकलच्या चाकाचे स्पोक! लोखंड तापतं आणि मटण आतूनही शिजतं. मसाल्याचा भडिमार नाही, मुख्यतः मीठच. सोबत गरम भात आणि वाटीत पातळ रस्सा. एका पानाला साधारण दोन सळया येतात.

बसायला खुर्च्या नाहीत. चटया आणि बुटकी टेबलं, या पद्धतीला ‘लेसेहान’ म्हणतात. आपल्या पंगतीसारखंच मांडी घालून बसायचं. शेगडीवर एक माणूस विणलेल्या पंख्यानं सपासप वारा घालत होता. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्रर्र आवाज आणि धुराचा लोट.

सळया आल्या आणि आमच्यातली एक जण सवयीनं भाताचं भांडं उचलून सगळ्यांना वाढायला उठली. वाढणाऱ्या पोरानं हसत ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिला बसायची खूण केली. ती बसली खरी, पण हाताचं काय करावं तेच तिला कळेना! मग म्हणाली, “अगं, लग्नानंतर मी बहुतेक पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर पहिला घास घेतेय.” आम्ही हसलो आणि एकदम गप्पही झालो.

खरं सांगू का, साते हा पदार्थच थांबत नाही. गार झाली की चिवट होते. म्हणून ‘तुम्ही बसा, मी मागून बसते’ हे तिथे चालत नाही. शेजारच्या चटईवर एक आजीबाई, त्यांची सून आणि नातवंडं एकदमच जेवत होती. घरी त्या सुनेलाही रांधा, वाढा, उष्टी काढा असेलच. पण त्या तासापुरती तरी ती मोकळी होती.

मी वस्तीत रक्त तपासणीची शिबिरं घेते, तेव्हा पांढरेफटक चेहरे बघून जीव तुटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभरांपैकी ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. कारणं पुष्कळ आहेत, पण उरलंसुरलं खाऊन अंगात लोह येणार कुठून?

शाकाहारी मैत्रिणींनो, जोगजात अळंबीची सातेही मिळते. मात्र तिखट चटणीत कोळंबीचं वाटण असू शकतं, तेवढं विचारून घ्या. आणि घरीच करायची तर बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा, म्हणजे जळत नाहीत. पनीर किंवा चिकन ओवा. दाण्याचं कूट, लसूण, लाल मिरची, गूळ, चिंच आणि थोडा सोया सॉस एकत्र शिजवून दाट रस्सा करा. शेगडी अंगणात किंवा गच्चीवर मांडा, पंखा नवऱ्याच्या हातात द्या आणि पहिली काडी उतरली की सगळ्यांबरोबर तुम्हीही खायला बसा.