गुरूवरचे न थांबणारे वादळ



‘निसर्ग’ चक्रीवादळ मोठ्या माणसांना आठवत असेल. ३ जून २०२० रोजी ते आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. झाडे पडली, पत्रे उडाले. पण जमिनीवर आल्यावर त्याचा जोर कमी होत गेला आणि दुसऱ्या दिवशी ते पार मंदावले.

आता गुरू ग्रहावरचे वादळ पाहू. त्याला ‘तांबडा डाग’ म्हणतात. शास्त्रज्ञ १८३१ सालापासून दुर्बिणीतून तो बघत आले आहेत. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली १८५३ साली. हे वादळ त्याच्याही आधीचे! २०१७ साली ते सुमारे १६,००० किलोमीटर रुंद होते. म्हणजे आपली अख्खी पृथ्वी त्यात मावेल. तिथला वारा ताशी ४०० किलोमीटरच्या वेगाने घोंघावतो.

मग आपले वादळ एका दिवसात दमते आणि गुरूवरचे का दमत नाही?

आपल्या चक्रीवादळाला कोमट समुद्राच्या वाफेतून बळ मिळते. जमिनीवर आले की ती वाफ तुटते. शिवाय डोंगर, झाडे, घरे वाऱ्याला अडवतात. गुरूवर मात्र जमीनच नाही! तो वायूंचा गोळा आहे. अडवणार कोण?

दोन तळव्यांमध्ये पेन्सिल धरा. एक हात पुढे न्या, दुसरा मागे. पेन्सिल गरगर फिरते ना? तांबड्या डागाच्या वरून आणि खालून असेच उलटसुलट वारे वाहतात. म्हणून तो फिरत राहतो. वाटेत आलेली लहान वादळेही तो गिळतो.

पण मोठी वादळेही कायमची नसतात. १९८९ साली व्हॉयेजर-२ या यानाला नेपच्यूनवर मोठा काळा डाग दिसला होता. १९९४ साली हबल दुर्बिणीने पाहिले, तर तो गायब! गुरूचा तांबडा डागही आक्रसत चालला आहे. १९७९ साली तो सुमारे २३,००० किलोमीटर रुंद होता.

मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. जमीन वादळाला थोपवते हे खरे, पण त्याच जमिनीवर आपली घरे आहेत. वादळाचा मार आधी त्यांनाच बसतो. म्हणून वादळाची सूचना आली की घरावरचे पत्रे घट्ट बांधा, झाडाखाली उभे राहू नका आणि उल्हास नदीच्या काठी पाणी बघायला मुळीच जाऊ नका.