वारा कुठून आत, कुठून बाहेर

खळ्यावर धान उपणायला उभी राहिलेली बाई सूप उचलण्याआधी वाऱ्याची दिशा पाहते. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तूस डोळ्यांत जातं. वारा पाठीशी घेतला तर धान पायाशी पडतं आणि तूस पुढे उडून जातं. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये पंखे बसवणाऱ्याला याच समजुतीची गरज असते.

अर्जुनी मोरगाव हा गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, इटियाडोह धरण आणि नवेगावबांधच्या तलावाचा धानपट्ट्यातला तालुका. अशा गावात संगणक राहतो तो रस्त्याकडे तोंड करून असलेल्या ऑनलाइन अर्जांच्या दुकानात, फोटो स्टुडिओत किंवा प्रशिक्षण केंद्रात. तिथे वातानुकूलन बहुधा नसतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, मळणीच्या दिवसांत हवेत तुसाची बारीक धूळ तरंगते आणि धान पिकू लागलं की तुडतुडे दिव्याकडे झेपावतात. पंख्याची खरी परीक्षा इथे होते.

पंखा हवा थंड करत नाही, हे आधी ध्यानात घ्यावं. तो आतली उष्णता फक्त बाहेर वाहून नेतो. काम करताना २०० वॅट खाणारी सिस्टीम ती सगळी वीज अखेर उष्णतेतच बदलते. मिनिटाला ५० घनफूट हवा कॅबिनेटमधून गेली, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा सुमारे सात अंशांनी गरम असते. दुकानात ४५ अंश असतील, तर बाहेर पडणारी हवा ५२ अंशांची. जाळी धुळीने बुजून हवा निम्मी झाली की हा फरक चौदा अंशांवर जातो. प्रोसेसरचा हीटसिंक या तापलेल्या हवेतच उष्णता सोडत असतो. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेला पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो, ‘सिस्टीम हँग होते’.

हवेच्या वाटेचा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांनाही एका फटक्यात सुटला नाही. १९८१च्या आयबीएम पीसीत पंखा होता तो एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये पंखाच नव्हता. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली, तेव्हा एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी अशी कल्पना होती. पण ती हवा एसएमपीएसमधून येताना तापलेली असायची. पुढे दिशा उलटली आणि तो पंखा हवा बाहेर टाकू लागला.

पंखा निवडताना आधी आकार पाहावा. ८०, ९२, १२० आणि १४० मिलिमीटर हे नेहमीचे आकार. कॅबिनेटमध्ये बसेल तेवढा मोठा घ्यावा, कारण मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा हलवतो आणि आवाज कमी करतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण त्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. डब्यावर हवेच्या आकड्याशेजारी ‘स्टॅटिक प्रेशर’ लिहिलेलं असतं. जाळीतून हवा ओढायची असेल तिथे हा आकडा महत्त्वाचा. धुळीच्या गावात समोरच्या पंख्यासाठी तोच आधी पाहावा. चार पिनांचा पंखा मदरबोर्डच्या सांगण्यावरून वेग नीट कमीजास्त करतो. बेअरिंग शक्यतो फ्लुइड किंवा बॉल प्रकारचं घ्यावं. स्वस्त स्लीव्ह बेअरिंग उष्णतेत, आणि आडव्या बसवलेल्या पंख्यात, लवकर झिजतं.

आता जागा. विदर्भात कूलर खिडकीला लावला की समोरचं दार उघडं ठेवावं लागतं, हे सांगावं लागत नाही. कॅबिनेटचंही तेच. समोरून किंवा खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. पंख्याची मोकळी बाजू हवा ओढते. आडव्या दांड्या असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते. साध्या कामाच्या सिस्टीमला समोर एक आणि मागे एक पुरतात. ग्राफिक्स कार्ड असेल तर समोर दोन, मागे एक. वरच्या भागात समोरच्या बाजूला बाहेर फेकणारा पंखा बसवू नये. ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच तो ती बाहेर काढतो.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी. मग कॅबिनेटमध्ये किंचित दाब राहतो, फटींमधून हवा बाहेर पडते, आणि धूळ व किडे जाळीपाशीच अडतात. उलट केलं तर प्रत्येक फट धूळ ओढू लागते. उन्हाळ्यात बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने चार दिवस बरं वाटतं, पण धूळ थेट मदरबोर्डवर बसते. कूलरचा झोतही कॅबिनेटवर येऊ देऊ नये. त्यातल्या तुषारांनी धुळीचा चिखल होतो.

जाळी वर्षातून दोनदा तरी धुवावी: मळणी आटोपल्यावर आणि मे लागण्याआधी. धुतलेली जाळी पूर्ण वाळवूनच बसवावी. ब्लोअर मारताना वायर काढून ठेवावी आणि पंख्याचं पातं बोटाने धरावं, नाहीतर भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं.

नवा पंखा घेण्याआधी एक करा. जाळी साफ करून सिस्टीम चालू करा आणि उदबत्ती आधी समोर, मग मागे धरा. धूर समोर आत ओढला गेला आणि मागे दूर ढकलला गेला, तर वाट बरोबर आहे. तसं होत नसेल, तर पंखे वाढवण्याआधी आहेत त्यांची दिशा सुधारा.