जुन्या अॅम्बॅसडरच्या झडपा घरच्या घरीं जुळविणें

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वाड्यांत किंवा मळ्यावरील छपरांत वडिलांच्या वेळची एखादी अॅम्बॅसडर मोटार अद्याप उभी आहे, आणि तिच्याविषयींची तक्रार बहुधा एकच असते. इंजिन सुरू केलें कीं वरच्या झाकणाखालून टक-टक असा आवाज येतो. मालकास तो खपत नाहीं. मग रस्त्यावरील एखादा मिस्त्री 'टॅपेट टाइट' करून देतो, गाडी मुकाट्यानें चालूं लागते व मालक संतोष पावतो. आमचें म्हणणें असें कीं, या संतोषांतच पुढील मोठ्या खर्चाचें बीज असतें.

इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही मोटार बंगालमधील उत्तरपाडा येथें हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. आरंभींचें तिचें इंजिन बाजूच्या झडपांचें होतें. १९५९ पासून १,४८९ घन सेंटिमीटर मापाचें, डोक्यावरील झडपांचें इंजिन आलें. येथें आम्ही लिहीत आहों तें या पेट्रोल इंजिनासंबंधीं. पुढें इसुझु पद्धतीचें इंजिन बसविलेल्या गाड्यांस खालील माप लावूं नये.

या इंजिनांत चार सिलिंडर व आठ झडपा आहेत. कॅमच्या दांड्यावरील उंचवटा पुशरॉडास वर ढकलतो; त्यामुळें रॉकरचें एक टोंक उचललें जातें आणि तराजूच्या दांडीप्रमाणें दुसरें टोंक झडपेच्या देठावर दाबलें जाऊन झडप उघडते. झडप मिटलेली असतां रॉकर व देठ यांमध्यें थोडी फट राहिली पाहिजे, कारण इंजिन तापलें म्हणजे देठ लांबतो. थंड इंजिनांत ही फट ०.०१५ इंच, म्हणजे मिस्त्र्यांच्या भाषेंत पंधरा थाऊ, ठेवावी. गाडीबरोबरचें पुस्तक हातीं असल्यास मात्र त्यांतील आंकडाच प्रमाण मानावा.

फट जास्त झाली तर आवाज होतो, झडप कमी उघडते व भाग एकमेकांवर आपटून झिजतात. हें नुकसान खरें, पण तें सावकाश होतें. फट मुळींच उरली नाहीं तर गोष्ट वेगळी. जळालेला वायु बाहेर सोडणारी झडप अतिशय तापते, आणि ती थंड होण्याचा मुख्य मार्ग म्हणजे मिटल्यावर आपल्या बैठकीस चिकटून तिला उष्णता देणें. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असतां प्रत्येक झडप सेकंदास पंचवीस वेळां उघडते व मिटते. विसावा तो केवढा! तोही न मिळाल्यास उष्णता देठाकडे साचते, आणि धगधगता वायु केसाएवढ्या जागेंतून निसटतांना झडपेची कड खाऊन टाकतो. मग हेड उतरविल्यावांचून गत्यंतर नसतें.

यांत आणखी एका कारणाची भर पडली आहे. पूर्वींच्या पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग मिसळीत असत. त्याचा पातळ थर झडपेच्या बैठकीचें रक्षण करी. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचें पेट्रोल आलें. लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. परंतु जुन्या हेडमधील नुसत्या बिडाच्या बैठकी जोरानें गाडी हांकल्यास झिजूं लागल्या. बैठक झिजली कीं झडप वर सरकते आणि फट आपोआप कमी होत जाते, तीही अगदीं निःशब्दपणें. म्हणून ज्या गाडीचा आवाज दिवसेंदिवस कमी होत आहे तिच्याकडे आधीं लक्ष द्यावें.

आतां कृति. सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतां, गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस दगड लावावे, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा व इग्निशन बंद करावें. तारांवर खुणा करून चारी प्लग काढावे म्हणजे हँडल हलकें फिरतें. हँडल नसल्यास दगड काढून, गाडी वरच्या गिअरमध्यें घालून गड्याकडून ती हळूहळू पुढें ढकलवावी. झाकणावरील धूळ पुसून त्याचे दोन नट सोडावे; खालचें बुचाचें पॅकिंग फाटूं देऊं नये.

पंख्याकडून मोजल्यास १, ४, ५ व ८ या धूर सोडणाऱ्या आणि २, ३, ६ व ७ या मिश्रण आंत घेणाऱ्या झडपा होत. कोणती कधीं मिटलेली असते हें ओळखण्यास नवाचा हिशेब फार सोयीचा आहे. जी झडप पूर्ण उघडी दिसेल तिचा आंकडा नवांतून वजा करावा. जो उरेल त्या झडपेचें माप घ्यावें. आठवी उघडी असतां पहिली, सहावी उघडी असतां तिसरी. हँडल सरळ दिशेनें फिरवीत गेल्यास १, ३, ५, २, ८, ६, ४, ७ या क्रमानें झडपा हातीं येतात व दोन फेऱ्यांत काम संपतें.

फीलर गेजची पंधरा थाऊची पट्टी फटींत सरकवावी. ती किंचित अडखळत पण न वांकतां सरकली पाहिजे. तसें नसल्यास लॉकनट ढिला करून पेंचकसानें स्क्रू फिरवावा, आणि स्क्रू तसाच धरून नट आवळावा. नट आवळतांना स्क्रू हलतो, म्हणून पट्टी पुन्हां घालून पाहावी. घाईच्या मिस्त्र्याचें काम बहुधा येथेंच बिघडतें.

माप बरोबर असूनही एखादी झडप वाजतच राहिली, तर रॉकरच्या टोंकास खळगा पडला असावा. सपाट पट्टी खळग्यावरून जाते व खरी फट तिला सांपडत नाहीं. अशा वेळीं स्क्रू अधिक आवळून आवाज बंद करणें घातक. रॉकर बदलावा, आणि तोंवर आवाज सोसावा.

स्क्रूस हात लावण्यापूर्वीं आठही फटींचीं मिळालेलीं मापें वहींत लिहून ठेवावीं. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं तपासणी केल्यास, एखादी धुराची झडप वारंवार फट गमावीत आहे कीं काय, हें वहीच सांगते. तसें आढळल्यास हेड चांगल्या कारखान्यांत नेऊन कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घ्याव्या.

झडप आधींच जळली असल्याचा संशय असेल तर इंजिन मंद चालवून धुराच्या नळीपुढें कागदाचा कपटा धरावा. तो मधूनमधून आंत ओढला जाऊं लागल्यास, एकेक प्लग बसवून हँडल फिरवावें. ज्या सिलिंडरमध्यें हातास विरोध लागत नाहीं त्याची झडप पाहण्यासाठीं हेड उतरवावें.