कोलनब्रूकची सराई आणि तिचे वय

लंडनहून बाथकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावरील कोलनब्रूक हे गाव १९९५ साली बकिंगहॅमशायरच्या अंमलातून निघून स्लाऊच्या हद्दीत आले. त्या गावची ‘ऑस्ट्रिच’ ही सराई आपला जन्म ११०६ सालचा सांगते. पहिल्या हेन्रीच्या त्या राजवटीत मायलो क्रिस्पिन या सरदाराने कोलनब्रूकचे पांथस्थगृह ॲबिंग्डनच्या मठाला वाटसरूंच्या सोयीसाठी इनाम दिले होते. परंतु इनामाची सनद जागेला प्राचीनत्व देते. त्या जागेवर उभ्या असलेल्या भिंतींचे वय सनदेवरून ठरत नाही.

आजची वास्तू सोळाव्या शतकातील आहे, आणि तिची साक्ष तिचे लाकूडच देते. मधल्या कमानीतून गाड्या थेट आतल्या चौकात जात. वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे रस्त्यावर आलेला आहे, कारण मजल्याच्या तुळया बाहेर काढून त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभारण्याची तत्कालीन सुतारांची रीत होती. आणि त्या भिंतीतले उभे खांब इतके जवळजवळ रोवलेले आहेत की भार पेलण्यास त्यांतले निम्मेही पुरते. ही लाकडाची मुबलकता म्हणजे मालकाच्या ऐपतीची जाहीर द्वाही होय. अशा सांगाड्यातील पोकळ्या त्या काळी आपल्या कोकणातल्याप्रमाणेच कुडाने भरीत.

ओकचे लाकूड त्या काळी ओले असतानाच घडवीत, म्हणून वृक्षतोडीचे वर्ष सापडले की बांधकामाचे वर्षही बहुधा हाती येते. खोडातील वार्षिक वलयांच्या रुंद-अरुंद क्रमाचा ज्ञात काळाच्या क्रमाशी मेळ घालून, आणि सालीलगतचे अखेरचे वलय शाबूत असल्यास, ते वर्ष निश्चित करता येते. मात्र जुन्या इमारतीची तुळई नव्या घरात पुन्हा वापरलेली नाही, याची खातरजमा आधी करावी लागते.

कलत्या पलंगावरून निजलेल्या धनिकांना उकळत्या कढईत लोटणाऱ्या सराईवाल्याची कथाही या वास्तूला चिकटली आहे. टॉमस डेलोनीने ती सुमारे १६०० साली लिहिली आणि तिचा काळ पहिल्या हेन्रीचाच योजला. म्हणजे ती कथा ज्या काळाची म्हणून सांगितली जाते, त्या काळी हे खांब वृक्षरूपानेही अस्तित्वात असण्याचा संभव फार थोडा.

सनद, कथा आणि लाकूड या तिन्ही पुराव्यांना आपापला अधिकार आहे. पण वास्तूच्या वयाचा निवाडा लाकडानेच करावा. त्या निवाड्याने सराईची चार शतके कमी होत असली, तरी जे उरते ते अस्सल असते, आणि जतनाचा खरा हक्क अस्सलालाच पोहोचतो.